निशाणी पी-सात

पुण्याची सह्यगिरी स्विच, बंगळूरची नेत्रावती पेमेंट्स.
दोघींचं भांडण बेळगावात का,
तर कराराच्या कलम चौदात न्यायक्षेत्राची जागा मोकळी होती
आणि कुणा कारकुनानं, दोघींना सारखाच प्रवास पडावा म्हणून,
शाईच्या पेनानं आमच्या गावाचं नाव भरलं.
जुन्या स्पेलिंगात. त्यावरही एक अर्ज पडलाय.

मी निशाण्यांची यादी करते.
कन्नडात निशाने, आमच्यात निशाणी, शिक्का एकच,
रबराचा, कडेला कुरतडलेला.
वादीचं ते पी, प्रतिवादीचं ते डी.
पी-एक करार, सत्तावीस पानं, पानापानाच्या कोपऱ्यात दोन सह्या,
नवराबायकोनं एका उशीवर डोकं टेकावं तशा.
अठराव्या पानावर एकच.
खटला तिथून सुरू होतो.

डी-चार, सर्व्हरच्या नोंदींचं बाड.
हुक्केरी वकील ते तंबाखूच्या गठ्ठ्यासारखं टेबलावर आदळतात.
ओळीमागून ओळ: गेले, गेले, गेले,
मध्येच: गेले, पोचले नाहीत.
किती वेळ? तीन सेकंद. नऊ दिवस.
अजून.
इकडून निघालेलं आणि तिकडं न पोचलेलं
आमच्या भागाला नवीन नाही,
पण ते यादीत लिहायचं नसतं.

थर्मल पावत्या, नग एकशे बारा,
कडोलीच्या किराणापासून निपाणीच्या वखारीपर्यंतच्या.
दाखल झाल्या तेव्हा आकडे दिसत होते.
मग तीन उन्हाळे रेकॉर्ड रूमच्या पत्र्याखाली.
आता वर्णनाच्या रकान्यात काय लिहू?
'कोरे कागद' म्हटलं तर नूलकर वकील उठतील,
'पावत्या' म्हटलं तर खोटं.
लिहिलं: गुळगुळीत, एका बाजूस तकाकी.

आणि पी-सात, बोलणारा डबा,
लुमाण्णा मुतगेकरच्या लोण्याच्या दुकानातला.
चौदा मार्चपासून तो बंद आहे, ही शपथ दोघींची.
कुणी बंद केला यावर भांडण,
बंद आहे यावर एकमत. सात वर्षांत एवढं एकच.

लुमाण्णा पिंजऱ्यात उभा. म्हणाला,
"सायेब, मला ना पुणं ठाऊक, ना बंगळूर.
डबा बोलला की माल द्यायचा, एवढंच मला शिकवलंय की."
साहेबांनी डबा लावून दाखवायला सांगितलं.
शिपायानं वायर जोडली. हिरवा दिवा लुकलुकला.
पंख्याचा आवाज. कुणीतरी खोकलं.
मग डबा स्वच्छ बाईच्या आवाजात म्हणाला,
"नलवत्तु रुपायी बंदिदे."

कोर्टात असली शांतता मी निकालालाही ऐकली नाही.
लुमाण्णा हसला. "चाळीस म्हंजे दोन तांबे ताक.
मल्लव्वानं दुकान उघडलं बघा."

तेवढ्यात दोन्ही वकील एकदमच उठले.
आत्तापर्यंत ज्याचं कुणी नव्हतं ते चाळीस रुपये
दोघांनाही हवे होते.
साहेब माझ्याकडं बघत राहिले.
डब्याला शपथ दिलेली नाही, उलटतपासणी होत नाही.
मी टाइप केलं: स्वर ऐकू आला.
मग ते खोडायला लागलं.

संध्याकाळी शहापुरात उतरले.
भिंतीवर खिळा रिकामा, खाली तेलकट स्टिकर.
वीस रुपये पाठवले. फोन म्हणाला, गेले.
"आले का?" मी विचारलं.
मल्लव्वानं खिळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं,
आणि माझ्या बाटलीत ताक ओतलं.
वर थोडं आणखी.

कुलुपातल्या कपाटात, त्या गुळगुळीत कागदांशेजारी,
तेव्हा डबा बोलला असेल, नसेलही.
बॅटरी किती उरली होती
ते मी पाहिलं नव्हतं.